नव्या आर्किटेक्चरवर सर्व्हर हलवल्यावर येणारे बिघाड: तपासायला सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे

इंटेल किंवा एएमडीच्या एक्स८६-६४ प्रोसेसरवरचा लिनक्स सर्व्हर एआरएम६४ या वेगळ्या घडणीच्या (आर्किटेक्चरच्या) प्रोसेसरवर न्यायचं काम हल्ली माझ्याकडे वरचेवर येतं. कारण बहुतेक वेळा बिलाचं असतं. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन हा स्वतःचा एआरएम प्रोसेसर आणला, पाठोपाठ इतरांनीही एआरएमची यंत्रं भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि तेवढ्याच कामाला महिन्याकाठी कमी पैसे लागतात हे हिशेब पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं. दुसरा गट ३२ बिटवाल्यांचा. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२५ च्या ट्रिक्सी आवृत्तीपासून आय३८६ (३२ बिट इंटेल) साठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं, तेव्हा कोपऱ्यात वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारी जुनी यंत्रं बाहेर निघाली.

तक्रार दोन्हीकडे सारखीच. एक तर "सगळं कॉपी केलं, पण चालत नाही", नाहीतर "चालतंय, पण काही नोंदी सापडत नाहीत". पहिल्या तक्रारीला मी घाबरत नाही. दुसरी ऐकली की आधी सगळ्यांना कीबोर्डवरून हात काढायला सांगतो.

खाली कमांड आणि फोल्डरांची नावं देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- प्रोग्रॅम चालवला की लगेच "एक्झेक फॉरमॅट एरर". सिस्टिमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा पडते आणि स्टेटसमध्ये २०३ हा आकडा दिसतो. डॉकरमध्ये कंटेनर सुरू होताच बंद पडतो.
- सेवा सुरू होते, पण "परमिशन डिनाइड" म्हणते. फाइल तर समोर दिसत असते.
- अपलोडचं फोल्डर रिकामं. कॉपी करताना मात्र फाइली जाताना दिसल्या होत्या.
- डेटाबेस सुरूच होत नाही, किंवा कंट्रोल फाइलबद्दल कुरकुर करतो.
- डेटाबेस व्यवस्थित सुरू होतो, यादीत नाव दिसतं, पण तेच नाव शोधलं की मिळत नाही. किंवा एकच सभासद दोनदा नोंदवला जातो.
- रेडिससारखी सेवा "अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ" म्हणून पडते.
- अहवालातल्या बेरजा शेवटच्या एखाद्या पैशाने चुकतात.
- नवीन यंत्र बूटच होत नाही.

तपासणीच्या आधी

जुना सर्व्हर बंद करू नका, पुसू नका, भाड्याचा असेल तर सोडू नका. त्यावर फक्त लिहिणं थांबवा: वेबसाइटवर देखभालीची पाटी लावा, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं थांबवा, मेलची रांग रिकामी होऊ द्या. दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी नवीन नोंदी पडू लागल्या की नंतर कुठल्या खऱ्या धरायच्या हे कोणीच सांगू शकत नाही. डीएनएस (साइटच्या नावामागचा पत्ता) बदलूनही काही लोक तासन्‌तास जुन्याच पत्त्यावर येत राहतात, म्हणून जुन्या बाजूला लिहिण्याचं दार खरोखर बंद आहे ना, ते एकदा स्वतः नोंद टाकून पाहा.

बिघाड दिसतोय म्हणून नव्या यंत्रावरचा डेटा घाईघाईने जुन्यावर परत कॉपी करणं हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे. एकमेव चांगली प्रत त्यातच जाते.

१. हे यंत्र नेमकं कोणतं आहे?

फुकटची तपासणी. "यूनेम" कमांड "एम" पर्यायाने चालवा. एआरएमवर उत्तर "एआर्च६४" येतं, जुन्यावर "एक्स८६_६४". मग जो प्रोग्रॅम चालत नाही त्यावर "फाइल" कमांड चालवा. तो कोणत्या प्रोसेसरसाठी बनवला आहे ते ती एका ओळीत सांगते. दोन उत्तरं जुळत नसतील तर "एक्झेक फॉरमॅट एरर"चं कोडं सुटलं.

यात डेटा गेलेला नसतो. जुन्या यंत्रावरचा तयार प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरला वाचताच येत नाही, इतकंच. तो प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या पॅकेज मॅनेजरमधून पुन्हा बसवा. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजांची यादी जुन्या यंत्रावरून घेताना "एपीटी-मार्क शोमॅन्युअल" वापरा. "डीपीकेजी गेट-सिलेक्शन्स"ची यादी घेतली तर त्यात बऱ्याच लायब्रऱ्यांच्या नावाला एएमडी६४ चं शेपूट चिकटलेलं असतं, आणि ती नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालत नाही.

पॅकेज मॅनेजरच्या बाहेर हाताने बसवलेल्या गोष्टी मात्र कोणालाच आठवत नाहीत. "यूएसआर-लोकल" आणि "ऑप्ट" ही दोन फोल्डरं उघडून बघा. बॅकअप घेणारा एखादा छोटा प्रोग्रॅम तिथे बसलेला असतो, क्रॉन रोज रात्री त्याला हाक मारतं, आणि नव्या यंत्रावर तो रोज रात्री मुकाट्याने पडतो. वेबसाइट छान चालते म्हणून कोणी बघत नाही, आणि बॅकअप लागेल त्या दिवशी कळतं की स्थलांतरानंतर एकही घेतला गेलेला नाही. म्हणून क्रॉनच्या प्रत्येक ओळीतला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर हाताने एकदा चालवा. रूटचाच (मुख्य खात्याचा) क्रॉनटॅब नाही, प्रत्येक वापरकर्त्याचा.

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, नोडचं मॉड्यूल्सचं फोल्डर, रुबीची जेम्स, पीएचपीची एक्स्टेन्शन्स यांच्या पोटात संकलित फाइली असतात. ही फोल्डरं कॉपी करू नका. यादीच्या फाइलवरून नव्या यंत्रावर पुन्हा बांधा. कॉपी केली असतील तर पुसून पुन्हा बांधा, डागडुजीत वेळ घालवू नका.

२. फोल्डर रिकामं? मग माउंट बघा

हा प्रकार इतका घडतो की मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. समजा अपलोडच्या फाइलींसाठी वेगळी डिस्क आहे. कॉपी करताना ती माउंट केलेली (फोल्डराला जोडलेली) नव्हती, त्यामुळे सगळ्या फाइली मूळ डिस्कवरच्या त्या नावाच्या फोल्डरात पडल्या. यंत्र रीस्टार्ट झालं, एफएसटॅब या माउंटच्या यादीने डिस्क त्याच जागी माउंट केली, आणि फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. फोल्डर रिकामं दिसतं, डिस्क किती भरली ते सांगणारी "डीएफ" कमांड मात्र मूळ डिस्क भरलेली दाखवते. हा विरोधाभास दिसला की निम्मं काम झालं.

मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरात "माउंट बाइंड" करून उघडा, झाकलेल्या फाइली तिथे दिसतील. तिथून त्या डिस्कवर हलवा. याच्या उलटही होतं: नव्या यंत्रावर डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, एफएसटॅबमध्ये जुनाच राहिलेला असतो, आणि "नोफेल" (डिस्क नसली तरी पुढे जा) लावलेलं असल्याने यंत्र काही न बोलता डिस्कशिवाय सुरू होतं. मग त्या रिकाम्या फोल्डरात नवे अपलोड जमू लागतात. "फाइंडमाउंट" चालवून प्रत्येक माउंट जागेवर आहे ना ते बघायला एक मिनिट पुरतं.

३. मालकी कोणाची?

लिनक्स फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितो. डेबियनवर वेब सर्व्हरच्या "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा"चा क्रमांक सगळीकडे ३३ असतो, पण पोस्टग्रेस, मायएसक्यूएल वगैरे डेटाबेसांचे क्रमांक पॅकेज बसवण्याच्या क्रमाने ठरतात. जुन्या यंत्रावर जो क्रमांक पोस्टग्रेसचा होता तो नव्यावर भलत्याच सेवेचा असू शकतो.

फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला "न्यूमेरिक आयडीज" सांगितलं असेल तर क्रमांक जसेच्या तसे येतात; सांगितलं नसेल आणि कमांड रूट म्हणून चालली असेल तर ते नावावरून जुळवून घेतं. दोन्हींचा उपयोग आहे. माणसांची खाती आणि होम फोल्डरं नेताना क्रमांक जपावेत, आणि ती खाती त्याच क्रमांकांनी आधी तयार करावीत. सेवांच्या फाइली नावावरून जुळू द्याव्यात. दोन्ही यंत्रांवर "एलएस" कमांड "एन" पर्यायाने चालवून क्रमांक शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

काहीही झालं तरी वैतागून सगळ्या झाडावर ७७७ परवानगी मारू नका. कोणत्या फाइलीवर कोणाला काय परवानगी होती ही माहितीही डेटाच आहे, आणि ती अशा एका कमांडने कायमची जाते.

४. कॉपी पूर्ण झाली आहे का?

आरसिंकचा "ए" पर्याय सगळं नेतो असा समज आहे. हार्ड लिंक (एकाच फाइलीची अनेक नावं), एसीएल (जादा परवानग्यांची यादी) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट तो नेत नाही. त्यासाठी मोठ्या लिपीतली "एच", "ए" आणि "एक्स" ही अक्षरं वेगळी द्यावी लागतात. हार्ड लिंकवर चालणारा बॅकअप त्याशिवाय कॉपी केला तर नव्या यंत्राची डिस्क कित्येक पटींनी भरते आणि कॉपी मध्येच थांबते.

पडताळणीसाठी तीच आरसिंक कमांड "चेकसम", "ड्राय रन" आणि "आयटमाइझ चेंजेस" या तीन पर्यायांसह पुन्हा चालवा. ती काहीही कॉपी करत नाही, पण दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून कुठे फरक आहे ते सांगते. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला म्हणून समाधान मानणाऱ्यांना मी हीच तपासणी करायला लावतो, कारण अर्धवट लिहिलेल्या फाइली आकाराने कधीकधी सारख्याच असू शकतात.

डेटाबेसच्या चालू फाइलींना ही तपासणी लागू नाही. डेटाबेस चालू असताना आरसिंकने उचललेलं फोल्डर म्हणजे वेगवेगळ्या क्षणांच्या तुकड्यांची गोधडी. एसक्यूलाइटसारख्या छोट्या डेटाबेसचंही तेच. त्याची फाइल कोणत्याही प्रोसेसरवर वाचता येते, तिथे आर्किटेक्चरची अडचण नाही. पण शेजारची "वॉल" फाइल मागे राहिली तर ताज्या नोंदी मागेच राहतात. एसक्यूलाइटची स्वतःची "बॅकअप" कमांड वापरा.

५. डॉकर

आधी इमेज (कंटेनरचा तयार साचा) बघा. प्रसिद्ध इमेजेस बहुतेक दोन्ही आर्किटेक्चरसाठी मिळतात आणि डॉकर योग्य ती आपोआप उचलतो. घरी बांधलेल्या इमेजेस नव्या यंत्रावर पुन्हा बांधाव्या लागतात. "व्हार-लिब-डॉकर" हे आख्खं फोल्डर उचलून नेणं हा उपाय नाही, त्यात जुन्या प्रोसेसरच्या इमेजेसचे थरही येतात. तुम्हाला हव्यात फक्त व्हॉल्यूम (कंटेनरचा साठवलेला डेटा), आणि त्यातही डेटाबेसची व्हॉल्यूम असेल तर पुढचा मुद्दा वाचल्याशिवाय तिला हात लावू नका.

६. डेटाबेस: इथे सावकाश

पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे की वेगळ्या आर्किटेक्चरवर, उदाहरणार्थ ३२ बिटवरून ६४ बिटवर, जायचं तर "पीजी-डंप" (डेटा बाहेर उतरवून काढणं) हाच मार्ग. ३२ बिटवाल्यांचं नशीब असं की त्यांनी डेटा फोल्डर सरळ कॉपी केलं तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. कंट्रोल फाइल जुळत नाही म्हणून तो दारातच अडवतो. जुन्या यंत्रावर डंप काढा, नव्यावर भरा, झालं.

एक्स८६-६४ वरून एआरएम६४ वर मात्र तो अडवत नाही. दोन्ही ६४ बिट, दोन्हीकडे बाइटचा क्रम सारखा, त्यामुळे कॉपी केलेलं फोल्डर आनंदाने उघडतं. टेबलं दिसतात, नोंदी मोजल्या तर पूर्ण भरतात. आणि तरीही इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या याद्या) चुकीचे असू शकतात. याची दोन वेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण आर्किटेक्चरचं नाहीच, पण स्थलांतराबरोबर हमखास येतं. नवं यंत्र म्हणजे बहुधा नवी लिनक्स आवृत्तीही. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम सहसा जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीकडून घेतो, आणि २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन ९ वरून १० किंवा पुढे, किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर फाइली तशाच नेल्या की जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाने वाचला जातो. कपाटातली पुस्तकं एका क्रमाने लावलेली आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने शोधतोय, तसं. पुस्तक आहे, पण तो भलत्याच फळीवर बघून "नाही" म्हणून परततो. डॉकरमध्ये अल्पाइनची इमेज सोडून डेबियनची घेतली तरी हेच होतं, कारण अल्पाइनमध्ये जीलिबसी नसतं, मसल ही दुसरी लायब्ररी असते. पोस्टग्रेस १५ पासून असा फरक आढळला की लॉगमध्ये "कोलेशन व्हर्जन मिसमॅच"चा (अक्षरक्रमाची आवृत्ती जुळत नसल्याचा) इशारा येतो. त्याआधीच्या आवृत्त्या डेटाबेसच्या मूळ क्रमाबद्दल काही बोलत नाहीत.

दुसरं कारण अस्सल आर्किटेक्चरचं आहे आणि मराठी डेटा असणाऱ्यांना नेमकं तेच बोचतं. सी भाषेतला "कॅर" हा एका बाइटचा प्रकार एक्स८६ वर ऋण-धन दोन्ही धरतो, म्हणजे -१२८ ते १२७. एआरएमच्या लिनक्सवर तो ० ते २५५ धरला जातो. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या आतच असतात, त्यामुळे दोन्हीकडे तुलना सारखीच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि तिन्ही १२७ च्या वरचे. पोस्टग्रेसचं "पीजी-ट्रायग्रॅम" हे शोधासाठीचं एक्स्टेन्शन (जादा भाग) अशा अक्षरांच्या त्रिकुटांना तीन बाइटांत आवळतं आणि ती क्रमाने लावताना नेमकी हीच तुलना वापरत आलं आहे. म्हणजे एक्स८६ वर बांधलेला ट्रायग्रॅमचा इंडेक्स एआरएमवर वाचला की इंग्रजी शोध बरोबर चालतो, मराठी शोधात नावं गळतात. पोस्टग्रेस १८ पासून हे "कॅर"चं वळण कंट्रोल फाइलमध्ये नोंदवलं जातं. त्याआधीच्या आवृत्त्यांत तशी काही नोंद नाही.

एखाद्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर हे असं दिसतं. काउंटरवरच्या ताई सभासदांची यादी उघडतात, "देशपांडे" तिथे दिसतात. वरच्या शोधचौकटीत "देशपांडे" टाइप करतात, काही येत नाही. "तुमचं नाव नव्या कॉम्प्युटरात आलं नाही" म्हणून त्या नवीन नोंद करतात. आणि ज्याने स्थलांतर केलं त्याने चाचणी करताना इंग्रजीत "टेस्ट" टाइप करून पाहिलेलं असतं, म्हणून त्याच्या मते सगळं ठीक. चाचणी मराठी नावांनीच करा, आणि त्यात जोडाक्षरं, रफार, "ळ" असलेली नावं घ्या.

खात्री करायची सोपी रीत: तोच मराठी शोध एकदा नेहमीसारखा चालवा आणि किती ओळी आल्या ते लिहून ठेवा. मग त्या सत्रापुरतं "इनेबल इंडेक्सस्कॅन", "इनेबल इंडेक्सओन्लीस्कॅन" आणि "इनेबल बिटमॅपस्कॅन" बंद करून तोच शोध पुन्हा चालवा. आता पोस्टग्रेस इंडेक्स बाजूला ठेवून सगळं टेबल वाचतो. ओळी वाढल्या तर डेटा शाबूत आहे आणि इंडेक्स खोटं बोलतोय. बी-ट्री (नेहमीच्या प्रकारच्या) इंडेक्ससाठी "एएमचेक" एक्स्टेन्शनही आहे, तो क्रम तपासून देतो.

उपाय दोन. जुना सर्व्हर अजून उभा असेल आणि नव्यावर खऱ्या नोंदी सुरू झाल्या नसतील, तर नव्यावरचा डेटाबेस टाकून द्या आणि डंपवरून पुन्हा भरा. डंप भरताना इंडेक्स नव्या यंत्रावर नव्याने बांधले जातात, दोन्ही कारणं एकदम मिटतात. माझी पसंती नेहमी याला. नव्यावर काम सुरू झालं असेल तर आधी आहे त्या स्थितीचा डंप काढून बाजूला ठेवा आणि मग "रीइंडेक्स" चालवा. ते विनातक्रार पार पडलं तर "रिफ्रेश कोलेशन व्हर्जन" करून इशारा बंद करा. इशारा आधी बंद करून रीइंडेक्स नंतरवर ढकलणारे ते विसरतातच.

रीइंडेक्स "डुप्लिकेट की" म्हणून अडलं, तर खोट्या इंडेक्समुळे अनन्य असायला हवी ती नोंद दोनदा पडली आहे. देशपांडे दोन झाले आहेत. दोन्हींपैकी एक पुसायची घाई करू नका: पुस्तकांची देवघेव पहिल्या क्रमांकावर आणि नवी वर्गणी दुसऱ्या क्रमांकावर असेल. कोणती नोंद कोणात मिसळायची हे संगणक सांगू शकत नाही, ग्रंथालयच सांगू शकतं.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी इथे सुखी आहेत. अक्षरांचा क्रम ते स्वतःचा वापरतात, जीलिबसीवर विसंबत नाहीत, आणि इनोडीबीच्या फाइली दशांश आकडे सारख्याच पद्धतीने साठवणाऱ्या यंत्रांवर उघडतात. तरी मी डंपच काढतो, कारण आवृत्ती सहसा बदललेलीच असते. "मायएसक्यूएलडंप"ला "सिंगल ट्रान्झॅक्शन"बरोबर "रूटीन्स" आणि "इव्हेंट्स" सांगायला विसरू नका. ट्रिगर आपोआप येतात, ही दोन येत नाहीत. भरल्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर लगेच थांबा, कॅरॅक्टर सेट "यूटीएफ८एमबी४" करून मूळ डंपवरून पुन्हा भरा. प्रश्नचिन्ह एकदा साठवलं गेलं की त्यामागचं अक्षर परत मिळत नाही.

३२ बिटवरून येणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणं बघावीत. आरआरडीटूलच्या आलेखांच्या फाइली जुन्या यंत्रावर "डंप" करून एक्सएमएल न्यावं आणि नव्यावर "रिस्टोअर" करावं. ओपनएलडॅपची (वापरकर्त्यांच्या नोंदींची) निर्देशिका "स्लॅपकॅट"ने मजकुरात काढून "स्लॅपअ‍ॅड"ने भरावी. दोन्हींच्या मूळ फाइली ३२ आणि ६४ बिटमध्ये अदलाबदल करता येत नाहीत.

७. पेजचा आकार

पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा. "गेटकॉन्फ पेजसाइझ" चालवा. एक्स८६ वर उत्तर नेहमी ४०९६. एआरएमवर ४०९६, १६३८४ किंवा ६५५३६, यातलं काहीही येऊ शकतं. रास्पबेरी पाय ५ चं नेहमीचं कर्नल १६ केबीचं आहे, रेड हॅट ८ एआरएमवर ६४ केबी वापरतं, रेड हॅट ९ मात्र ४ केबीवर आलं. जेमॅलॉक ही मेमरी वाटून देणारी लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम लहान पेज धरून बांधलेले असतील तर मोठ्या पेजवर पडतात. नव्या यंत्रासाठीच बांधलेलं पॅकेज घ्या, किंवा ४ केबीचं कर्नल बूट करा. जुनी स्वॅप (मेमरीला पूरक अशी डिस्कवरची जागा) ओळखली गेली नाही तर "एमकेस्वॅप" पुन्हा करा, पण विभाजनाचं नाव दोनदा वाचून.

८. घरचे जुने प्रोग्रॅम

सोर्स उपलब्ध असेल तर नव्या यंत्रावर पुन्हा कंपाइल करा. तेवढ्याने भागेलच असं नाही. वर सांगितलेलं "कॅर" इथेही नडतं: -१ ची वाट बघणारी लूप एआरएमवर कधीच थांबत नाही. "लाँग डबल" दोन्हीकडे वेगळ्या मांडणीचा असतो, त्यामुळे स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलीत ओतणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी फाइल नव्यावर चुकीची वाचली जाते. ठरावीक मर्यादेबाहेरचा दशांश पूर्णांकात बदलला तर दोन प्रोसेसर दोन वेगळी उत्तरं देतात. बेरजा पैशाने चुकतात त्या मात्र दशांशाच्या अचूकतेतल्या फरकाने, आणि पैसे फ्लोटमध्ये (दशांशाच्या अंदाजे रूपात) साठवले होते हे तेव्हा उघड होतं. पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब असेल तर दोन्ही यंत्रांवर एकाच महिन्याचा अहवाल काढून ओळ न्‌ ओळ ताडून बघा.

सोर्स नसेल तर क्यूईएमयू हा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरून जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवता येतो. संथ चालतो. डेटा बाहेर काढण्यापुरता ठीक, रोजच्या कामाला नाही.

बूट होत नसेल तर

कोणीतरी "डीडी"ने जुनी आख्खी डिस्क नव्यावर ओतलेली असते. कर्नल आणि बूटलोडर जुन्या प्रोसेसरचे आहेत, ते चालणार नाहीत. दुरुस्त करण्यात अर्थ नाही. पण डेटा त्यात आहे. एक्सटी४, एक्सएफएस, एलव्हीएम, लक्स या डिस्कवरच्या रचनांची मांडणी दोन्ही आर्किटेक्चरवर वाचता येते. नव्या यंत्रावर स्वच्छ लिनक्स बसवा, ती डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि वरच्या क्रमाने एकेक गोष्ट आणा. "ईटीसी"चं फोल्डर एकगठ्ठा वर ओतू नका. लागतील त्या फाइली निवडून, फरक बघून आणा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कच्या "आय/ओ एरर" दिसत असतील. हा हार्डवेअरचा बिघाड आहे. "एफएससीके" चालवू नका, पुन्हा आरसिंकही नको. प्रत्येक वाचनाने डिस्क आणखी बिघडू शकते. यंत्र बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.
- रेडमधल्या (अनेक डिस्क जोडलेल्या संचातल्या) एकापेक्षा जास्त डिस्क बाहेर पडल्या असतील. "एमडीअ‍ॅडम"ला नव्याने "क्रिएट" सांगण्याचा मोह टाळा.
- पोस्टग्रेस "इनव्हॅलिड पेज" म्हणतोय आणि कुठेतरी "पीजी-रीसेटवॉल" चालवा असा सल्ला वाचलात. चालवू नका. मायएसक्यूएलमध्ये "इनोडीबी फोर्स रिकव्हरी" ४ किंवा त्याहून वर नेलं की फाइली कायमच्या बिघडू शकतात, हे त्यांच्याच दस्तऐवजात आहे. दोन्हीकडे डेटाबेसचा जाणकार हवा, आणि त्याच्यासाठी सेवा बंद करून घेतलेली फोल्डरची अस्पर्श प्रत.
- दोन्ही सर्व्हरवर काही दिवस नोंदी पडत राहिल्या आहेत.
- अनेक थ्रेड वापरणारा घरचा प्रोग्रॅम एआरएमवर कधीतरीच, भाराखाली चुकतो. एआरएम मेमरीतल्या लिखाणाचा क्रम एक्स८६ इतका काटेकोर पाळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं लपलेली चूक वर येते. हे प्रोग्रॅमरचं काम आहे, सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नाही. तोपर्यंत तो प्रोग्रॅम जुन्याच यंत्रावर चालू द्या.

बोलावलेल्या माणसाला पहिल्याच फोनवर इतकं सांगता आलं पाहिजे: दोन्हीकडची लिनक्स आणि डेटाबेसची आवृत्ती, डेटा डंपने नेला की फाइली कॉपी करून, नव्या यंत्रावर पहिली खरी नोंद कधी पडली, आणि बिघाड दिसल्यापासून कोणत्या कमांड चालवल्या. शेवटच्यासाठी शेलची हिस्टरी फाइल तशीच जपून ठेवा. जुन्या सर्व्हरचं भाडं एक पूर्ण महिनाअखेर आणि तिचे सगळे अहवाल नव्या यंत्रावर पार पडेपर्यंत भरत राहा.